दोन तारखांमधलं अंतर

माझी भाची एमपीएससीचा अभ्यास करते. परवा रात्री तिच्या टेबलावर संविधानाची मराठी प्रत उघडी पडली होती. पानापानावर पिवळ्या मार्करच्या रेघा, मधेमधे चिकटवलेल्या चिठ्ठ्या. बेचाळिसावी म्हणजे मिनी राज्यघटना, चव्वेचाळिसावी म्हणजे मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला, एकसष्टावी म्हणजे अठराव्या वर्षी मतदान, असं घोकणं चाललं होतं. मधेच थांबली. म्हणाली, "मामा, हे बघ ना. बाविसाव्या कलमाखाली टीप आहे. दुरुस्ती १९७८ ची दाखवलीय, आणि वरचा मजकूर मात्र जुनाच आहे. छापताना राहिलं का?"

छापताना राहिलेलं नाही. सरकारकडून राहिलंय, आणि साडेचार दशकं उलटून गेली तरी राहिलेलंच आहे.

बाविसावं कलम अटकेबद्दलचं. त्यातला मोठा भाग प्रतिबंधक स्थानबद्धतेचा आहे. म्हणजे गुन्हा केला म्हणून नव्हे, करशील म्हणून आत टाकायचं. आरोपपत्र नाही, खटला नाही. अशा माणसाला सल्लागार मंडळाचं मत न घेता तीन महिने डांबून ठेवता येतं, आणि संसदेने तसा कायदा केला तर त्याहूनही जास्त. आणीबाणीत स्वतः गजाआड राहून आलेली माणसं १९७७ ला सत्तेवर बसली. त्यांनी चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत हे आवळलं. तीन महिन्यांचे दोन केले. सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीवरूनच नेमायचं, त्याचा अध्यक्ष उच्च न्यायालयात सेवेत असलेला न्यायाधीशच हवा, असं घातलं. मंडळाला बगल देण्याची वाटच बंद केली. दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मंजुरी दिली. ३० एप्रिल १९७९ ला राष्ट्रपतींची सही झाली.

आणि इथे गाडी अडली. त्याच कायद्यात एक ओळ होती: वेगवेगळ्या तरतुदी केंद्र सरकार ठरवेल त्या तारखेपासून अमलात येतील. बाकीच्या तरतुदींना तारखा मिळाल्या. स्थानबद्धतेच्या तिसऱ्या कलमाला मिळाली नाही. ज्या जनता सरकारने ते लिहिलं, त्याने दिली नाही. इंदिरा गांधी परत आल्या, त्यांनी दिली नाही. त्यानंतर दिल्लीत किती रंगांची सरकारं आली आणि गेली, एकाचाही हात त्या कागदापर्यंत पोचला नाही. धनबादचे खासदार ए. के. रॉय राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेशाखाली आत गेले तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात निघाला. डिसेंबर १९८१ मध्ये निकाल लागला. बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी. तारीख ठरवणं सरकारचं काम, न्यायालय त्यासाठी हुकूम काढू शकत नाही, असं बहुमत पडलं. मला हे मुळीच पटत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी घटना बदलली, राष्ट्रपतींनी सही केली, आणि एका अधिसूचनेवाचून तो बदल तळटिपेत पडून राहिला. मग घटना बदलली कुणी आणि रोखली कुणी?

भाचीला म्हटलं, क्रमांक पाठ कर, परीक्षेला लागतात. पण तळटिपा वाच. बहुतेक टिपांत दोन गोष्टी सापडतील: दुरुस्तीचं साल आणि ती कुठल्या दिवसापासून लागू झाली ती तारीख. त्या दोहोंमधलं अंतर मोज. दुरुस्ती कुणाच्या गरजेची होती हे त्या अंतरावरून फार लवकर कळतं.

एकोणचाळिसावी घे. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची रायबरेलीतली निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी ११ ऑगस्टला होती. ७ ऑगस्टला विधेयक लोकसभेत आलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं. ८ ला राज्यसभा. ९ ला राज्यांच्या विधानसभांची संमती, त्या दिवशी शनिवार होता. १० तारखेला रविवार, राष्ट्रपतींची सही. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, आणि आधी दिलेला निकालही लागू नाही, असं घटनेत लिहून झालं. विरोधी बाकांवरची कितीतरी माणसं तेव्हा तुरुंगात होती. इथे दोन तारखांमधलं अंतर शून्यदेखील नाही. ते उणे आहे. दुरुस्ती मागे चालत गेली आणि झालेला निकाल पुसून आली.

त्याच दुरुस्तीने 'मिसा' कायदाही नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला, न्यायालयाने हात लावू नये म्हणून. ज्या कायद्याने माणसं पकडायची त्याला संरक्षण, आणि पकडलेल्या माणसाला संरक्षण देणारं कलम अजून तारखेच्या रांगेत.

निवडणुकीचं ते कलम टिकलं नाही. ७ नोव्हेंबर १९७५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, आणि तेही आणीबाणी चालू असताना. मागाहून बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारावर निवडणूक तेवढी वाचली. रद्द करायला आधार सापडला तो दोन वर्षांपूर्वीच्या केशवानंद भारती निकालात. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. संसद घटनेत बदल करू शकते, पण तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही. मठाधिपती केशवानंद भारतींच्या बाजूने नानी पालखीवाला उभे राहिले, केरळ सरकारच्या बाजूने महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सिरवई. दोघेही मुंबईचे. त्या खटल्याचा विषय केरळातली जमीन होती, पण वाचली ती आपल्या सगळ्यांची घटना, एका मताने. इतक्या थोडक्यात वाचली हे आठवलं की मला अजूनही धस्स होतं.

घाई म्हटली की ती सत्तेसाठीच, असं सरसकट म्हणायला मात्र मी तयार नाही. पहिली घटनादुरुस्ती बघा. घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. मे १९५१ मध्ये नेहरूंनी विधेयक मांडलं आणि जूनच्या मध्यावर, १८ तारखेला, ते घटनेत बसलं. हंगामी संसदेला हा अधिकार आहे का, असं श्यामाप्रसाद मुखर्जी कडाडून विचारत होते. त्या एका दुरुस्तीच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्यांची मोट एकत्र बांधली हेच मला खटकतं.

एक गोष्ट जमिनीची. जमीनदारी नष्ट करणारे कायदे न्यायालयात अडकत होते. ते वाचवायला नववं परिशिष्ट जन्माला आलं. त्यातल्या पहिल्या तेरा कायद्यांत मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा होता आणि खोती नष्ट करणाराही होता. कोकणातल्या कुळाला हे समजावून सांगावं लागत नाही. खोताच्या घरची वेठ, पिकातला अर्धा वाटा, चरीच्या शेतकऱ्यांचा वर्षानुवर्षं चाललेला संप, १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात आणलेलं खोतीविरोधी विधेयक. एवढ्या साऱ्यानंतर तो कायदा झाला होता. तो कोर्टाच्या पायरीवर पडू नये म्हणून घटना बदलली, तर मी म्हणेन बरं केलं, आणि घाईने केलं तेही बरं केलं. कसणाऱ्याने आधीच पुष्कळ वाट पाहिली होती. त्याच दुरुस्तीत मागासवर्गीयांच्या शिक्षणासाठी खास तरतूद करायचा अधिकारही राज्यांना मिळाला.

दुसरी गोष्ट तोंडाची. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली होती. १९५० मध्ये रोमेश थापर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. वर्षभरात एकोणिसाव्या कलमात सार्वजनिक सुव्यवस्था आणि आणखी काही कारणं घुसली, आणि ती घटनेच्या पहिल्या दिवसापासूनच तिथे होती असं मानायचं ठरलं. पुन्हा उणे अंतर. 'वाजवी' निर्बंध हा शब्द त्याच वेळी आला, तो नसता तर अवस्था आणखी वाईट झाली असती, हेही खरं. पण कुळाच्या पाठीमागे लपवून संपादकाचं तोंड बांधलं, हे खरंच आहे.

मागची तारीख म्हणजे पाप, असंही नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, बारावी दुरुस्ती १९६२ ला झाली आणि ती २० डिसेंबरपासून लागू धरली. गोवेकराला एक दिवसही अधांतरी राहावं लागू नये, एवढाच तिचा अर्थ.

आता अंतराचं दुसरं टोक. शिक्षण.

जोतीराव फुल्यांनी १८८२ ला हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून निवेदन दिलं. गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरूही केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. एका संस्थानाने स्वतःच्या तिजोरीतून केलं. मग घटना आली. पंचेचाळिसाव्या कलमात म्हटलं, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करू. दहा वर्षं म्हणजे १९६०. घटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी मुदत घातलेलं असं हे एकच. १९६० गेलं. सत्तर, ऐंशी, नव्वद गेलं. २००२ च्या डिसेंबरमध्ये शहाऐंशीवी दुरुस्ती झाली आणि शिक्षण मूलभूत हक्क झाला. भाचीच्या प्रतीत एकवीस-क कलमाखालची टीप बघा: साल २००२, लागू १ एप्रिल २०१०. सव्वासात वर्षं! दुरुस्ती झाली त्या दिवशी सात वर्षांचं असलेलं पोर हक्क लागू झाला तेव्हा चौदाच्या पुढे गेलं होतं. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या कोप्यांवर, हॉटेलात कपबशा विसळत जी मुलं मोठी झाली, त्यांच्यासाठी कुणी रविवारी सही केली नाही.

आणि हक्क आला तो सहा ते चौदाचा. सहाच्या आतल्या लेकरांना जुन्या कलमात जागा होती. नव्याने त्यांना पुन्हा 'प्रयत्न करू' मध्ये ढकललं. अंगणवाडीची ताई आजही मानधनासाठी मोर्चात उभी राहते, त्यामागे हीसुद्धा ओळ आहे.

महिलांच्या आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा आलं १९९६ ला. २०१० ला राज्यसभेने मंजूर केलं, लोकसभेत कुजलं. २०२३ च्या सप्टेंबरात लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेत एकही विरोधी मत न पडता ते पार झालं. एकशेसहावी दुरुस्ती. एवढं एकमत आपल्या संसदेत कितीदा दिसतं? पण आरक्षण कधीपासून, तर पुढची जनगणना होऊन तिच्या आधारे मतदारसंघांची फेररचना झाल्यावर, अशी अट त्याच मजकुरात घातली. २०२४ ची लोकसभा तशीच झाली, आपली विधानसभाही तशीच झाली. शेजारी ठेवा एकशेतिसरी दुरुस्ती, आर्थिक दुर्बल घटकांच्या दहा टक्के आरक्षणाची: ८ जानेवारी २०१९ ला मांडली, १४ जानेवारीला लागू. सहा दिवस. तिथे ना जनगणना आड आली, ना फेररचना. आणि गावात तर सरपंचपदी बाई बसवायला १९९३ पासूनच जमलं. पंचायतीचं आरक्षण लागू करताना कुणी दिल्लीसारखी सबब काढली नव्हती. महाराष्ट्राने तर पुढे ते निम्म्यावर नेलं.

काही ठिकाणी तारीखच नसते. पक्षांतर रोखायला १९८५ ला बावन्नावी दुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं. अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांनी द्यायचा. किती दिवसांत? लिहिलेलंच नाही. महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. निकाल कुणाच्या बाजूचा, हा माझा मुद्दा नाही. पाच वर्षांच्या विधानसभेत दीड वर्ष हा निर्णय टांगून ठेवता येतो आणि घटनेचा एकही शब्द मोडत नाही, हा माझा मुद्दा आहे. २००३ ला एक्याण्णवावी दुरुस्ती झाली, एकतृतीयांश फुटीची पळवाट काढून टाकली. तेव्हा मुदतीची एक ओळ घालता आली असती. घातली नाही.

आणि चौऱ्याहत्तरावी, जिची झळ माझ्या दारापर्यंत आली. तिथे तारीख आहे, ठसठशीत आहे. नगरपालिका असो वा महापालिका, मुदत पाच वर्षं, आणि नवी निवडणूक ती संपण्याआधी पूर्ण व्हायला हवी. १ जून १९९३ पासून हे घटनेत आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली. मतदान झालं जानेवारी २०२६ ला. नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर यांची मुदत तर २०२० लाच संपली होती. मधली वर्षं प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, प्रभागरचना बदलत होती, कारणं सांगायला कमी नव्हती. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली तेव्हा हललं.

त्या वर्षांतलीच गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण खचलं. पावसात त्यावर पाणी साचायचं आणि खड्डा दिसायचा नाही. शेजारच्या काकू भाजी घेऊन येताना पाय अडकून पडल्या, मनगट मोडलं. मी वॉर्ड ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "नगरसेवकांचं पत्र जोडा, म्हणजे लवकर होईल." मी म्हटलं, "नगरसेवक आहेत कुठे?" तो गप्प झाला. त्याचा दोष नव्हता, जुन्या सवयीने बोलला होता. मग त्यानेच एक दगड आणि झाडाची फांदी ठेवायला सांगितली, लोकांना कळावं म्हणून. ती फांदी वाळून काडी झाली तरी तिथेच होती. काकूंचं प्लॅस्टर निघालं, झाकण त्यानंतर बसलं.

आपण घटनादुरुस्ती म्हणतो. अधिकृत मराठी प्रतीत शब्द आहे 'सुधारणा'. दुरुस्ती म्हटलं की काहीतरी मोडलेलं होतं असं वाटतं, सुधारणा म्हटलं की आता बरं होणार असं वाटतं. १०६ वेळा घटना बदलली, त्यात दोन्ही होतं, आणि एकोणचाळिसावीसारखी मोडतोडही होती. अमेरिकेने सव्वादोनशेहून जास्त वर्षांत २७ दुरुस्त्या केल्या आणि आपण एवढ्या, असं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपल्या घटनेत भाषांची यादी आहे, राज्यांची नावं आहेत, पंचायतींचे विषय आहेत. त्यात फेरफार होणारच. कोकणीला १९९२ ला आठव्या परिशिष्टात जागा मिळाली ती घटना बदलूनच. संख्येचं मला काही वाटत नाही. मला वाटतं त्या तारखांचं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यापुढे प्रत्येक घटनादुरुस्तीत ती कधी लागू होणार ते सभागृहानेच लिहावं. सरकारला तयारीला वेळ हवा तर वर्ष घ्या, दोन घ्या, पण कमाल मुदत मजकुरात असू द्या. ती संपली की अधिसूचनेची वाट न पाहता कलम आपोआप जिवंत व्हावं. ज्या सभागृहाला एका शनिवारात राज्यांच्या विधानसभांची संमती गोळा करून घेता येते, त्याला एवढी एक ओळ जड नाही.

भाचीने बाविसाव्या कलमापाशी चिठ्ठी चिकटवली आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलं, "लागू: —". काल सकाळी आम्ही दोघांनी मिळून आमच्या खासदारांना पत्र लिहिलं. पानभरही नाही. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचं तिसरं कलम अमलात आणण्याची तारीख सरकार कधी जाहीर करणार, हा प्रश्न येत्या अधिवेशनात लेखी विचारावा, एवढंच. स्पीड पोस्टाने टाकलंय, पावती जपून ठेवली आहे. उत्तर आलं तर याच जागी छापेन. नाही आलं तर पत्र टाकल्याची तारीख छापेन, दर आठवड्याला.